तीन, दोन, चार

लेकीला गाणी ऐकायला फोन द्यावा, तर पहिलं गाणं ती ऐकते. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर कुणी एक बाई चिकट हिरव्या गोळ्यात बोटं खुपसत असते. तिसरं गाणं लागतच नाही, कारण तोवर एक परदेशी मुलगा आपल्या खेळण्यांची खोकी उघडायला बसलेला असतो. भाजी आणायला पाठवलेलं पोर जत्रेत सापडावं, तशातला प्रकार. मी फोन काढून घेते, ती भोकाड पसरते आणि आतून सासूबाई म्हणतात, "गाणंच ऐकतेय ना गं ती!"

म्हणून ठरलं, की तिला नुसती गाणी वाजवणारं काहीतरी घ्यायचं. नेट नको, कॅमेरा नको, गेम नकोत. माणसाने गेल्या वीस वर्षांत घाम गाळून जे जे त्या यंत्रात कोंबलं, ते ते सगळं उपसून काढलेली एक डबी. लेक सात वर्षांची, दुसरीत. तिला विचारलं, तुला कसा प्लेअर हवा? ती म्हणाली, "जांभळा." पुढे काही नाही. खरं तर खरेदी तिथेच आटपायला हवी होती. पण आमच्याकडे मुलांना विचारायची पद्धत आहे, त्यांचं ऐकायची नाही.

नवऱ्याने एक्सेल उघडलं. तो आयटीत आहे आणि घरूनच काम करतो, म्हणजे बेडरूमचं दार लावून सकाळी दहापासून "हॅलो, ॲम आय ऑडिबल?" असं विचारत असतो. दिवसातून पंधरा वेळा तरी. साऱ्या मजल्याला तो ऑडिबल असतो, फक्त मीटिंगमधल्या लोकांना नसतो. तर त्याच्या तक्त्यात अकरा रकाने होते. क्षमता, बॅटरी, वजन, बिटरेट वगैरे. रंगाचा रकाना नव्हता. "हे बघ," तो मला म्हणाला, "128 केबीपीएसला एका मिनिटाचं गाणं साधारण एक एमबी खातं. चार मिनिटांचं गाणं, चार एमबी. म्हणजे आठ जीबीत दोन हजार गाणी."

"तिला सहा गाणी आवडतात," मी म्हटलं.

"पुढे आवडतील ना."

या 'पुढे'त सगळी मेख होती. ऑक्टोबर 2001 मध्ये ॲपलने पहिला आयपॉड काढला. पाच जीबीचा, खिशात हजार गाणी घेऊन फिरा म्हणणारा. तेव्हा हा माणूस इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर मेसची थकबाकी मोजत होता. आयपॉड त्याच्या नशिबी आला नाही. मे 2022 मध्ये कंपनीने आयपॉड बंद करत असल्याचं जाहीर केलं, त्या रात्री तो जेवताना बोलला नाही; मला वाटलं, ऑफिसात कुणाला काढलं. आता लेकीच्या नावाने त्याने कुठल्याशा साइटवरून एक जुना नॅनो मागवला. आला तेव्हा त्याची पाठ पुरीसारखी टम्म फुगलेली. बॅटरी गेलेली, पैसेही गेलेले. तो नॅनो अजून त्याच्या खणात आहे, इस्त्रीच्या रुमालात गुंडाळलेला. हात लावायची सोय नाही.

मी तरी कुठे धुतल्या तांदळाची? 1991 साली मामाने मस्कतहून वॉकमन आणला, तो दादाला. कारण दादा दहावीत होता, आणि दहावीतल्या मुलाचं सगळंच तेव्हा राष्ट्रकार्य असायचं. तो क्लासला गेला की वॉकमन माझा. पेन्सिल सेल मरायला टेकले की लताबाईंचा आवाज घसरत घसरत थेट भूपेन हजारिकांपर्यंत जायचा. मग सेल गॅलरीच्या कठड्यावर उन्हात घालायचे, कुरडयांशेजारी. दोन गाण्यांपुरता जीव यायचा त्यांच्यात. टेप गुंतली की कॅसेटच्या दातेरी भोकात षटकोनी पेन्सिल घालून गरागरा फिरवायची. पण मला खरी ओढ होती ती त्या बटणाची. दाबलं की 'खटॅक' करून आत बसणारं, वाजवतोय म्हणून सांगणारं बटण. काचेवर बोट फिरवून गाणं लावणं म्हणजे दाराला कडी न लावता झोपण्यासारखं वाटतं मला. तेव्हा माझी अट एकच होती: बटण हवं, आणि ते वाजायला हवं.

सासरे म्हणाले, "कारवाँ घ्या." 2017 साली सारेगामाने काढलेला, पाच हजार जुनी गाणी आतच भरलेली. मी म्हटलं, "बाबा, तो ट्रान्झिस्टरएवढा असतो, ती कुठे उचलून नेणार?" ते म्हणाले, "मी आहे ना उचलायला." यापुढे मी चौकशी केली नाही.

म्हणजे जमाखर्च असा: नवऱ्याला त्याचा आयपॉड, मला दादाचा वॉकमन आणि सासऱ्यांना पाच हजार गाणी हवी होती. जांभळा कुणालाच नको होता.

मधे एक अडचण अशी निघाली, की तिच्या आजीखेरीज कुणाच्या लक्षातच आली नव्हती. "पोरगी ठेवणार कुठे ते?" खिशात. कुठल्या खिशात? आम्ही कपाट उघडलं. फ्रॉक नऊ, खिसे शून्य. लेगिंग्ज, शून्य. एका जीनला खिशाच्या जागी नुसतीच शिवण होती, पडद्यावर खिडकी रंगवावी तशी. शेजारच्या तिच्याच वयाच्या मुलाच्या एका हाफपँटला सहा खिसे आहेत आणि त्यांत तो खडे ठेवतो. 'पोर्टेबल' हा शब्द ज्याने काढला त्याला बहुधा मुलगेच असणार. 1957 मध्ये सोनीने खिशात मावणारा ट्रान्झिस्टर काढला, तो नेहमीच्या शर्टाच्या खिशापेक्षा जरासा मोठा झाला. तर त्यांनी रेडिओ लहान नाही केला, आपल्या सेल्समनसाठी मोठ्या खिशांचे शर्ट शिवून घेतले! हे मी सासूबाईंना सांगितलं. त्यांना जपानी माणसं एकदम पटली. त्यांनी ब्लाउजपीसच्या उरलेल्या तुकड्यांतून चार फ्रॉकना खिसे लावून टाकले. वस्तू यायची होती, खिसे तयार.

मग कान. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये आयटीयूबरोबर एक मानक काढलंय. मोठ्यांनी आठवड्याला चाळीस तास ऐकायचं तर 80 डेसिबलपर्यंत, लहान मुलांनी 75 पर्यंत. तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा: 78 ला वीस तास, 81 ला दहा. हे वाचून नवऱ्याने फोनवर आवाज मोजायचं ॲप घेतलं आणि दोन दिवस घरभर फिरला. खोबऱ्याच्या चटणीला मिक्सर नव्वदच्या घरात गेला. कुकरची शिट्टी त्याच्या आसपास. "कोण आहे रे खाली?" ही सासऱ्यांची गॅलरीतली हाक 84. तेवढ्यात खालच्या पटांगणात ढोलपथकाचा सराव सुरू झाला आणि त्याने ॲप बंद केलं. पुण्यात राहून लेकीचे कान वाचवायला निघणं म्हणजे छत्री घेऊन धबधब्याखाली उभं राहणं. तरी, 85 डेसिबलच्या वर जात नाही असं खोक्यावर लिहिलेला मुलांचा हेडफोन आम्ही घेतलाच. त्याला मांजराचे कान आहेत. वाजतो बेताचा, दिसतो फार.

शेवटी एका शनिवारी आम्ही तपकीर गल्लीत. तिघं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: बुधवार पेठेतल्या या बोळात वायरपासून माळेपर्यंत विजेवर चालणारं सगळं मिळतं, फक्त पाय ठेवायला जागा मिळत नाही. पहिल्या दुकानदाराने "एमपीथ्री प्लेअर?" असं म्हणून मुलाला हाक मारली, मला वाटलं माल काढायला, पण त्याने आम्हाला दाखवायला बोलावलं होतं. दुसऱ्याने ब्लूटूथ स्पीकर पुढे सरकवला. तिसरा जरा वयस्कर, चष्मा कपाळावर. तो काही न बोलता शिडी चढून माळ्यावर गेला आणि धुळीचा एक खोका घेऊन उतरला. फुंकर मारली, तिघंही शिंकलो.

"ताई, दोनच पीस राहिलेत. हल्ली मागतं कोण?"

"वॉरंटी?"

"चालू करून दाखवतो. तीच वॉरंटी."

एक काळा, एक जांभळा. लेक काहीही न बोलता जांभळ्यासमोर उभी राहिली. दुकानदार साडेनऊशे म्हणाला, मी सहाशे म्हटलं, सातशे वीसवर दोघंही नाराज झालो, म्हणजे भाव बरोबर ठरला. बटण दाबून पाहिलं. खटॅक नाही, पण 'टिक' तरी होतं. नवरा खोक्यावरची बारीक अक्षरं वाचत होता. "रेकॉर्डिंग पण आहे यात. काय उपयोग?" आणि मग दुकानदाराला त्याने ऐकवलंच: 1 जुलै 1979 ला जपानात पहिला वॉकमन आला तेव्हा सोनीच्याच माणसांना धास्ती होती, की रेकॉर्ड न करणारं टेपयंत्र घेणार कोण? वार्ताहरांच्या छोट्या रेकॉर्डरमधून रेकॉर्डिंगचा भाग काढूनच तो बनवला होता. "तो भाग काढला म्हणून तर क्रांती झाली," नवरा म्हणाला. दुकानदार म्हणाला, "पिशवी देऊ का?"

घरी आल्यावर कार्ड चालेना. नवऱ्याने हौसेने 64 जीबीचं आणलं होतं, आणि हा बिचारा जुन्या वळणाचा, त्याला बत्तीसपुढचं पचत नाही. धाकटं कार्ड घातलं. गाणी दिसायला लागली, पण नावं नव्हती, नुसते चौकोन. देवनागरी त्याला येत नव्हती. प्रत्येक अक्षराला एक चौकोन, मात्रेला आणखी एक. नवरा म्हणाला, सगळी नावं रोमनमध्ये करतो, चारशे बारा गाणी आहेत, रविवार लागेल. मी म्हटलं, आपल्याच गाण्यांना आपल्याच घरात दुसऱ्याची लिपी का? त्यावर एक छोटं भाषाविषयक भांडण झालं.

तोवर लेक कोपऱ्यात बसून ऐकत होती. "आजी, तुझं मोराचं गाणं तीन-दोन-चार आहे."

"म्हणजे काय गं?"

तिने छोटा पडदा दाखवला. तीन चौकोन, फट, दोन चौकोन, फट, चार चौकोन. मी बोटांवर मोजलं. न, काना, च. र, मात्रा. म, ओकार, र, काना. 'नाच रे मोरा'! माडगूळकरांनी लिहिलं, पुलंनी चाल लावली, आशाबाईंनी गायलं, 1953 च्या 'देवबाप्पा'त. सत्तरेक वर्षांनी माझ्या मुलीला ते तीन-दोन-चार म्हणून पाठ झालं. आता सासूबाईही तसंच म्हणतात. दुपारी त्यांची फर्माईश असते, "जरा ते पाच-सहा लाव गं." मला अजून कळलेलं नाही ते कुठलं.

पुढच्या आठवड्यात सासऱ्यांनी आवाज वाढवायला जाऊन प्लेअरची भाषा चिनी केली. नवऱ्याने पुस्तिका शोधली, तीही चिनी. लेक मात्र "भाषेची ओळ खालून तिसरी असते" म्हणाली आणि टिक-टिक करून दोन मिनिटांत इंग्रजी परत आणली.

सगळं सुरळीत चाललं होतं. मांजराचे कान, फ्रॉकचा खिसा, सोफ्याच्या कोपऱ्यात तासन्‌तास शांतता. फक्त एक गोष्ट खटकत होती. ती गाणी ऐकताना हसायची. तीन-दोन-चारमध्ये हसण्यासारखं काय आहे?

एकदा ती आंघोळीला गेलेली बघून मी हेडफोन कानाला लावला. कुकरची शिट्टी. एक, दोन, तीन, आणि मागून माझाच आवाज: "गॅस बंद करा कुणीतरी!" पुढची फाइल, सासऱ्यांचं घोरणं, शेवटी एक बारीक शीळ. खाली आणखी वीसेक. एकेक ऐकत गेले आणि नवव्या फाइलला माझ्या पोटात गोळा आला. मी माझ्या बहिणीशी फोनवर बोलत होते. आठ मिनिटं. विषय सासूबाई.

लेक टॉवेल गुंडाळून दारात उभी. मी शक्य तितक्या सहज विचारलं, "हे कुणाकुणाला ऐकवलंस?"

"बिल्डिंगमधल्या सगळ्यांना. एकाला एक जेम्सची गोळी."

"आणि आजीला?"

"तिच्याकडे जेम्स नसतात."

मी नववी फाइल पुसली. आठवी आणि दहावीही पुसली गेली, त्याला इलाज नाही. सासूबाईंनी पाचव्या फ्रॉकला खिसा लावायला घेतला होता, मी त्यांना न सांगता चहा करून दिला. नवऱ्याला यातलं काही बोलले नाही. त्याचा अजून समज आहे, की ती चारशे बारा गाणी ऐकते. सगळ्यात जास्त खपलेली फाइल कुठली, ते लेकीने मला सांगितलं होतं. चौथी. तिला दोन गोळ्यांचा भाव होता.

सोमवारी सकाळी तिघं लिफ्टने खाली निघालो. तिसऱ्या मजल्यावर बालवाडीतला एक मुलगा आत आला, पाण्याची बाटली गळ्यात, नाकाला शेंबूड. त्याने नवऱ्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं. मग एक हात कानावर ठेवला, मान किंचित वाकडी केली आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "हॅलो काका, ॲम आय ऑडिबल?"