लाइव्ह आहे, जरा दम धरा!

परवा सामन्याचं शेवटचं षटक. माझ्या मोबाइलवर गोलंदाज अजून पँटला चेंडू घासतोय आणि खालच्या मजल्यावरून काकांची आरोळी आली, ‘‘उडाला रे दांडा!’’ काकांकडे केबल आहे. माझ्याकडे ‘लाइव्ह’ आहे.

मोबाइलवरचं हे ‘लाइव्ह’ तुकड्यातुकड्यांनी येतं. ॲपलने २००९ मध्ये आणलेल्या पद्धतीत हल्ली सहा-सहा सेकंदांचे तुकडे पडतात, आणि प्लेअर तीनेक तुकडे हाताशी जमल्याखेरीज तोंड उघडत नाही. झाली की अठरा सेकंदं! केबलही थोडी मागेच असते म्हणा, पण हे काकांना कोण सांगणार?

चित्र किती बारीक ते सांगणाऱ्या ‘फोरके’ची तर वेगळीच तऱ्हा. ‘१०८०’पर्यंत पडद्यावरच्या आडव्या रेघा मोजत, म्हणजे उंची. ‘फोरके’ आलं आणि शिंप्याने उंचीची टेप सोडून घेर घेतला! उंचीच्या हिशेबात रेघा २१६०च. बरं, घेर तरी पुरते चार हजार? टीव्हीवर ३८४०. आमच्या वाण्याने चार किलोंत १६० ग्रॅम मारले असते, तर अख्खी सोसायटी तराजू बघायला गेली असती.

पण खरी कमाल ‘पाहिलं’ या साध्या मराठी क्रियापदाची. नेटफ्लिक्सच्या लेखी पूर्वी सिनेमा सत्तर टक्के संपवला की तो पाहिला, असं होतं. २०२० पासून दोन मिनिटं पुरली. पुढे नुसते तास मोजले. २०२३ पासून एकूण तासांना सिनेमाच्या लांबीने भागतात. म्हणजे मी पूर्वार्धात झोपलो आणि बायको उत्तरार्धात उठून गेली, की आम्हा दोघांचा मिळून एक प्रेक्षक. संसाराची इतकी अचूक व्याख्या मी दुसरीकडे वाचलेली नाही. यूट्यूबच्या शॉर्ट्‌सला मात्र मार्च २०२५ अखेरपासून तेवढाही धीर नाही. व्हिडिओ सुरू झाला की ‘व्ह्यू’ पडला, मग अंगठा कितीही घाईत असो. या हिशेबाने शिवाजी मंदिर नाट्यगृहासमोर सिग्नलला थांबलेल्या बसमधले सगळे उतारू आतल्या नाटकाचे प्रेक्षक. लावा हाउसफुल्लचा बोर्ड!

काकांनी मात्र माझ्या ‘लाइव्ह’चा बरोबर अर्थ लावलाय. त्यांना बीपी आहे. अटीतटीचा चेंडू ते घरी केबलवर बघून घेतात, मग सावकाश जिना चढून माझ्या शेजारी टेकतात. गोलंदाज तेव्हा कुठे धावायला लागलेला असतो.

‘‘घाबरू नकोस,’’ काका म्हणतात, ‘‘चौकार आहे.’’