लोकरीलाही नाव-गाव असतं

आमच्या घराण्यात विणकामाचं सगळं शास्त्र नलूमावशीकडे, आणि कागदावर त्यातलं एक अक्षर नाही. माप विचारलं तर वीत, टाके विचारले तर "घाल नव्वदेक", आणि नमुना म्हणजे डेक्कन क्वीनमध्ये समोर बसलेल्या बाईचा स्वेटर. दादर येईपर्यंत मावशी तो नमुना नुसत्या नजरेनं उचलायची. बाई मध्येच लोणावळ्याला उतरली, तर आमच्या स्वेटरच्या दोन बाह्यांचं एकमेकींशी जन्मात पटायचं नाही.

अशा घरात मी जाहीर केलं, की मी स्वेटरचं डिझाइन विकत घेतलंय.

"म्हणजे स्वेटर?"

"नाही, नुसतं डिझाइन. पीडीएफ."

"लोकर?"

"ती वेगळी घ्यायची."

"आणि विणणार कोण?"

"मीच."

मावशीनं चष्मा काढला. एखादं माणूस हातचं गेल्याची खात्री पटली की ती चष्मा काढते.

गंमत अशी, की असं नुसतं डिझाइन विकणाऱ्या स्वतंत्र डिझायनर मंडळींची मूळ माता मावशीच्याच जातकुळीतली. एलिझाबेथ झिमरमन, जन्म १९१०, माहेर इंग्लंड, संसार अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनात. या बाईंना गोल सुईवर, शिवणीची कटकट न ठेवता विणायची आवड. मासिकवाले मात्र त्यांचं डिझाइन पुढचा भाग, मागचा भाग असं सुटं करून छापत. बाई वैतागल्या आणि स्वतःचं पत्रक काढून मोकळ्या झाल्या. पाठोपाठ १९५९ साली त्यांनी 'स्कूलहाउस प्रेस' सुरू केली. त्यांचं सूत्र सुटसुटीत होतं: अंगाच्या घेराचे टाके १०० टक्के धरा, मनगटाला त्यातले २० टक्के, दंडाला ३३. हे ऐकून मावशी म्हणाली, "मग मी वेगळं काय करते? फक्त टक्के सांगत नाही."

याच बाईंचं १९६८ सालचं बाळाचं जाकीट प्रसिद्ध आहे. एकसंध विणायचं, सगळे टाके सुलट. विणून होईपर्यंत हातात जे लोंबत असतं, ते पाहून घरचे लोक विषय बदलतात. मग ते विशिष्ट ठिकाणी दुमडायचं, खांद्यांवर दोन शिवणी घालायच्या, की झालं जाकीट! मावशीनं ते तीन वेळा उलगडलं आणि पुन्हा दुमडलं. चौथ्यांदा तिनं चष्मा लावला.

पुढे २००७ मध्ये 'रॅव्हेलरी' हे विणकामाचं संकेतस्थळ आलं. मासिकाच्या संपादकाची मनधरणी न करता एकेक डिझाइन थेट विणणाऱ्यांना विकायची सोय झाली आणि एका खोलीत बसलेल्या डिझायनरला जगभर गिऱ्हाईक मिळालं. ॲमस्टरडॅममधला स्टीफन वेस्ट तर शालीचं डिझाइन तुकड्यातुकड्यांनी देतो. शेवटी शाल कशी दिसणार ते आधी कुणालाच ठाऊक नसतं, तरी जगभरातली शहाणीसुरती माणसं एकाच वेळी ती विणायला घेतात.

"काय विणतेस ग?"

"माहीत नाही. पुढच्या आठवड्यात थोडं आणखी कळेल."

मावशीनं या वेळी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

लोकर रंगवणाऱ्यांची तऱ्हा आणखी निराळी. लोकर हे प्रथिन असल्यामुळे त्यांचा रंग आम्ल आणि उष्णता मिळाली की तिला घट्ट धरतो. म्हणून पातेल्यात पाणी, रंग, व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व घालून ते गॅसवर ठेवायचं. रंग लोकरीत पुरता शिरला की पाणी चक्क नितळ होतं. (ते पातेलं पुन्हा आमटीला वापरायचं नाही, हे घरातल्या पुरुषांना लिहून द्यावं.) उरुग्वेची मालाब्रिगो किंवा आयर्लंडची हेजहॉग फायबर्स यांच्या हातरंगाच्या लडी अशाच. दोन लडी कधी तंतोतंत सारख्या नसतात. त्यामुळे दोन ओळी एका लडीच्या, दोन दुसरीच्या, असं विणत जायचं, म्हणजे स्वेटरच्या पोटावर सीमारेषा उमटत नाही. आपल्याकडे दुकानदार "तो लॉट संपला" म्हणाला की अर्धा स्वेटर कपाटात जायचा. इथे लॉटचीच भानगड नाही. आणि रंगाला निळा म्हणायचीही सोय नाही. त्याचं नाव 'पाऊस थांबल्यावरचा मंगळवार' अशा थाटाचं असतं.

शंभर ग्रॅमची लड, बारीक लोकर, सुमारे चारशे मीटर. किंमत सांगितल्यावर मावशीनं एवढंच विचारलं, "यात मेंढीही येते का?"

पूर्वी पैसे वाचावेत म्हणून बायका विणत. आता विणता यावं म्हणून आम्ही पैसे वाचवतो. पण हिशेब घातला तर भाव काही अवाच्या सवा नाही. एका स्वेटरच्या डिझाइनमागे प्रत्येक मापाचं वेगळं गणित असतं, ते तपासणारा जाणकार असतो, आणि छापण्याआधी नमुने विणून चुका काढणारी माणसं असतात. एवढं सगळं साधारण एका पिझ्झ्याच्या दरात मिळतं, आणि पिझ्झा पुढच्या हिवाळ्यात पुन्हा घालता येत नाही.

तेव्हा हा लेख वाचून "ते पीडीएफ मला व्हॉट्सॲपवर टाक ना ग" असा निरोप मला पाठवू नका. डिझायनरचं नाव विचारा, मी आनंदानं सांगेन. टाका अडला तर घरी या, शिकवेन, चहाही पाजेन. डिझाइन मात्र आपापलं विकत घ्या.