लस घेतली तरी सर्दी झालीच ना!

दरवर्षी मे महिन्यात मी फ्लूची लस घेते आणि दरवर्षी जुलैत मला कुणीतरी शिंकताना पकडतं. "काय हो, तुम्ही ती लस घेतली होती ना? मग?" हा प्रश्न मला लिफ्टमध्ये ऐकावा लागलाय, डेअरीवर दुधाच्या रांगेत ऐकावा लागलाय, आणि गेल्या आठवड्यात तर भाचीच्या डोहाळजेवणात, हातात खिरीची वाटी असताना. विचारणाऱ्याला उत्तर नकोच असतं, त्याचा निकाल आधीच लागलेला असतो. मला याचा राग येतो आणि तो आज मी लपवणार नाही.

आपण फ्लू हा शब्द फार स्वस्त करून टाकलाय. नाक वाहिलं की फ्लू, घसा खवखवला की फ्लू, जुलाब-उलट्या झाल्या तर 'पोटाचा फ्लू'. सर्दी-पडसं आणणारे विषाणू दोनशेच्या वर आहेत आणि त्यांत सर्वांत जास्त आढळतात ते रायनोव्हायरस. फ्लूची लस त्यांच्यासाठी नाहीच. ती फक्त इन्फ्लुएन्झाच्या विषाणूंसाठी आहे. मला जुलैत होते ती साधी सर्दी, चार दिवस वाफ घेतली की जाते. जे वचन लसीने दिलंच नव्हतं, ते मोडल्याचा ठपका तिच्यावर का?

खरा फ्लू कसा असतो ते मी घरात पाहिलंय. २०१५ च्या फेब्रुवारीत अण्णा, म्हणजे माझे वडील, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. सकाळी पेपर वाचत बसलेला माणूस दुपारी चारला हुडहुडी भरून पांघरुणात शिरला. १०३ ताप, ठणकणारं अंग, कोरडा खोकला. तिसऱ्या दिवशी धाप लागली, चौथ्या दिवशी ऑक्सिजन लावावा लागला. तपासणीत एच१एन१ निघाला. नऊ दिवसांनी ते रुग्णालयातून घरी आले, पण सारसबागेपर्यंतची त्यांची रोजची फेरी कायमची सुटली. आदल्या मे महिन्यात मी त्यांना लस देऊया म्हणत होते. तेव्हा एका नातेवाइकांनी ठामपणे सांगितलं होतं, "त्यांना साखर आहे. साखरवाल्यांनी असल्या सुया टोचून घेऊ नयेत." आम्ही ऐकलं. खरं तर मधुमेह, दमा, हृदयविकार, मूत्रपिंडाचे आजार असलेल्यांना आणि वयस्कर माणसांनाच ही लस सगळ्यांत आधी सुचवली जाते, कारण फ्लूचा न्यूमोनिया त्यांनाच जास्त गाठतो. लस घेतली असती तर अण्णा आजारी पडलेच नसते, असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण ती संधी आम्ही एका वाक्यापायी घालवली.

दुसरं वाक्य त्याहून जास्त ऐकू येतं: "लसीनेच मला फ्लू झाला." दंडात टोचतात त्या लसीत मेलेला विषाणू किंवा त्याचे तुकडे असतात. मेलेला विषाणू शरीरात वाढू शकत नाही, त्यामुळे त्याने फ्लू होणं शक्यच नाही. दंड दुखतो, एखाद-दोन दिवस कणकण येते, अंग जड होतं, हे खरं आहे आणि टोचणाऱ्याने ते आधी सांगायला हवं. शिवाय संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. त्या मधल्या दिवसांत कुणाकडून फ्लू लागला, तर तो लसीच्या खात्यावर लिहिला जातो.

पुण्यात राहणाऱ्यांच्या तोंडी तरी "आम्हाला स्वाइन फ्लूची नको, साध्या फ्लूची द्या" हे वाक्य नसावं. २००९ चा ऑगस्ट आम्ही पाहिलाय. स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू याच शहरात झाला, एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा. शाळा बंद झाल्या, लोक तोंडाला रुमाल बांधून फिरू लागले, नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०१० मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने साथ संपल्याचं जाहीर केलं, पण विषाणू कुठे गेला नाही. तो आता आपल्या नेहमीच्या मोसमी फ्लूंपैकी एक आहे आणि दरवर्षीच्या लसीत त्याचा समावेश असतोच. 'स्वाइन' आणि 'साधी' अशा दोन बाटल्या फ्रिजमध्ये नसतात. डुकराचं मांस खाऊन तो होतो, हेही तेव्हापासून चालत आलेलं खूळ आहे. तो एका माणसाच्या खोकण्या-शिंकण्यातून दुसऱ्याला होतो.

एका गैरसमजाबद्दल मात्र मला लोकांना दोष देता येत नाही. माझ्या पुतण्याने मुलाचं लसीकरणाचं कार्ड पुढे केलं आणि म्हणाला, "काकू, याला इन्फ्लुएन्झाची झालीय की! हे बघ." कार्डावर खरंच तसं लिहिलं होतं: हिमोफिलस इन्फ्लुएन्झी बी. बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात जी पेंटाव्हॅलंट देतात, तिच्यातला हा एक भाग. पण हा विषाणू नाही, जिवाणू आहे. तो लहान मुलांना मेंदूज्वर आणि न्यूमोनिया करतो, फ्लू नाही. मग नाव असं का? १८९२ मध्ये रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञाला फ्लूच्या रुग्णांत हा जिवाणू सापडला आणि हाच फ्लूचं कारण आहे असं त्याला वाटलं. खरा विषाणू माणसांत सापडायला १९३३ उजाडलं. चूक कळली, पण नाव तसंच राहिलं, आणि आज त्या नावामुळे शिकलेसवरलेले आईबाप मुलाची फ्लूची लस झाली असं समजून निर्धास्त राहतात. कार्ड छापणाऱ्यांनी त्या ओळीखाली 'ही फ्लूची लस नव्हे' एवढं छापलं, तरी पुष्कळ होईल.

"मागच्या वर्षी घेतली होती" आणि "कोरोनाचे दोन्ही डोस झालेत" ही उत्तरं मला सोसायटीत लशीचं शिबिर ठेवायचं म्हटलं की मिळतात. कोरोनाचा विषाणू वेगळा, त्याची लस वेगळी. आणि फ्लूचा विषाणू सतत रूप बदलतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, लसीत कोणते प्रकार घ्यायचे ते ठरवतात. लसीने आलेलं संरक्षणही काही महिन्यांत ओसरत जातं. वेळेचाही घोळ आहे. अमेरिकेतली मंडळी ऑक्टोबरात घ्या म्हणून सांगतात. त्यांच्याकडे फ्लू हिवाळ्यात येतो, तेव्हा त्यांच्यासाठी ते बरोबरच आहे. आपल्याकडे बहुतेक भागांत मोठी लाट पावसाळ्यात येते आणि दुसरी, लहान, थंडीत. म्हणून पाऊस सुरू व्हायच्या आधी, एप्रिल-मे मध्ये घेतलेली बरी.

आता माझी तक्रार लसीची बाजू घेणाऱ्यांबद्दलही आहे. विषाणू आणि लस यांचा मेळ चांगला जमलेल्या वर्षीसुद्धा डॉक्टरकडे जावं लागेल असा फ्लू होण्याचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो, शंभर टक्क्यांनी नाही. हे कुणी सरळ सांगत नाही. मग लस घेऊनही फ्लू झालेला माणूस आपल्याला फसवलं असं म्हणतो, आणि त्याचं म्हणणं मला समजतं. लस घेतलेल्यांचा आजार सहसा सौम्य राहतो, रुग्णालय आणि अतिदक्षता विभाग टळण्याची शक्यता वाढते, हाच तिचा मोठा गुण आहे. तोच आधी सांगायला हवा. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ही लस नाही, खासगीत ती परवडत नाही म्हणून कुणी घेत नसेल, तर त्याच्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण आहे ते लसीवर शंका काढून मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिकची स्ट्रिप आणणाऱ्यांशी. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. आल्या-तुळशीच्या काढ्याने घशाला बरं वाटतं, मीही घेते, पण तो लसीची जागा घेत नाही.

त्या डोहाळजेवणात माझ्या शिंकेवरून विषय निघाला तेव्हा एक ज्येष्ठ बाई भाचीला म्हणाल्या, "तू मात्र बाळ होईपर्यंत सुई लावून घेऊ नकोस." तिच्या डॉक्टरांनी लस सुचवली होती आणि ती महिनाभर टाळत होती. मी तिला ओटी भरता भरताच सांगितलं, की गरोदरपणात फ्लू झाला तर तो जास्त जोरात उसळतो, दंडातली लस गरोदरपणात कोणत्याही महिन्यात घेता येते, आणि आईने घेतली तर तिचं संरक्षण पोटातल्या बाळालाही मिळतं. दुसऱ्या दिवशी तिने ती घेतली. दंड दोन दिवस दुखला.

जन्मल्यानंतर सहा महिने बाळाला फ्लूची लस देता येत नाही. तेवढे महिने त्याला राखायचं काम आईच्या लसीचं आणि त्याला उचलून घेणाऱ्या आपल्या सगळ्यांच्या लसीचं आहे. बारशाला येणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: झबलं-टोपडं नाही आणलंत तरी चालेल, लस घेऊन या.