तारा छेडल्या आणि बातम्या लागल्या

गिटार वाजवायला शिकायची तर दोन-तीन वर्षं बोटं सोलून घ्यावी लागतात. बनवायला मात्र सुतारकाम, रंगकाम आणि आत्मविश्वास एवढंच लागतं, अशी माझी समजूत होती. यातली शेवटची गोष्ट माझ्याकडे गरजेपेक्षा जास्त आहे. शिवाय इतिहास माझ्या बाजूने होता. टेलिकास्टर आणि स्ट्रॅटोकास्टर या जगप्रसिद्ध इलेक्ट्रिक गिटारी ज्याच्या कारखान्यातून निघाल्या, त्या लिओ फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये १९३८ साली त्याने रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि तिथून पुढचं सगळं घडलं. त्याला वाजवता येत नव्हती, मलाही येत नाही. फरक एवढाच की त्याला रेडिओ दुरुस्त करता येत होते. या फरकाचं महत्त्व मला तेव्हा कळलं नाही.

माळ्यावर आजोबांच्या सागवानी पलंगाची एक फळी पडून होती. ती कापायला बायकोने हरकत घेतली, तेव्हा मी ब्रायन मेचा दाखला दिला. त्याने आणि त्याच्या वडिलांनी १९६३ मध्ये घरच्या घरी गिटार करायला घेतली, तिच्या दांड्याचं लाकूड एका जुन्या फायरप्लेसच्या चौकटीतून काढलं, आणि पुढे ‘क्वीन’ बँडमध्ये तो जन्मभर तीच वाजवत राहिला. त्याच बँडचा फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकलेला, म्हणजे नातं अगदीच दूरचं नाही. “ब्रायन मेचे वडील इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनियर होते,” मुलगी मोबाइलवर बघून म्हणाली. हल्ली वाद घालण्यात मजा राहिलेली नाही.

लाकडाचं काम बरं झालं. सागवान अंमळ जड असतं. गिटार गळ्यात अडकवली की वाजवणारा आपोआप नम्र होतो. पण रंग चढला, पॉलिश झालं, शेजारपाजारच्यांनी कौतुक केलं, आणि मी वायरिंगकडे वळलो.

पिकअप ही काही गूढ वस्तू नव्हे. सहा लोहचुंबकाच्या कांड्या आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वरची पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात इवलीशी वीज तयार होते. ती व्हॉल्यूम आणि टोनच्या पॉटमधून, म्हणजे नॉबखालच्या बदलत्या रोधातून, जॅकपर्यंत नेऊन सोडायची. दोन पिकअप, दोन पॉट, एक तीन खटक्यांचा स्विच, एक कपॅसिटर. शाळेत शिकलेला फॅरेडे मला अजून आठवत होता. अडचण काय येणार?

पिकअप दोन वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून मागवले, कारण एकाकडे एक स्वस्त होता आणि दुसऱ्याकडे दुसरा. बाकीच्या सामानासाठी लॅमिंग्टन रोड गाठला. ग्रँट रोड स्टेशनातून बाहेर पडून चालत गेलं की जगातला कुठलाही सुटा भाग तिथे मिळतो, फक्त त्याचं नाव माहीत असावं लागतं. “अडीचशे केचा पॉट द्या,” मी ऐटीत म्हणालो. “लॉग की लिनिअर?” दुकानदाराने मान वर न करता विचारलं. मी म्हणालो, “त्यातला चांगला द्या.” त्याने आता मान वर केली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि जो खपत नव्हता तो दिला. व्हॉल्यूमसाठी लॉग पॉट घेतात, कारण आपला कान आवाजाची वाढ त्याच हिशेबाने मोजतो. लिनिअर लावला की नॉब दहावरून दोनपर्यंत आणला तरी फारसं काही होत नाही आणि उरलेल्या वीतभरही नसलेल्या प्रवासात आवाज एकदम बसतो. हे ज्ञान मला पॉट बसवल्यावर झालं. त्याआधी आणखी एक झालं: वायरिंगची आकृती पॉटच्या पाठीमागून पाहून काढलेली असते. मी ती पुढून वाचली होती. त्यामुळे माझ्या गिटारचा आवाज वाढवायचा तर नॉब उलटा फिरवावा लागे.

सोल्डरिंगबद्दल मात्र सविस्तर सांगितलंच पाहिजे. पॉटच्या पत्र्याच्या पाठीवर अर्थिंगच्या सगळ्या वायरी एकत्र आणून डाख लावायचा असतो. मी पंचवीस वॅटच्या आयर्नच्या टोकाला सोल्डर वितळवायचो आणि त्या पाठीवर सोडायचो. छान टपोरा, चकचकीत थेंब बसायचा. बघत राहावा असा. मग वायरीला जरा धक्का लागला की थेंब टुणकन उडी मारून फरशीवर. पुन्हा नवा थेंब. राळेचा धूर घरभर. आईला वाटलं धूप घातलाय. तिने हॉलमध्ये येऊन नमस्कार केला. शेवटी कसेबसे सगळे डाख चिकटले, पॉट बसवलेली प्लेट उचलून गिटारच्या खाचेत बसवायला गेलो, आणि दिसलं की पिकअपच्या वायरी लाकडातल्या भोकातून आत घेतल्याच नव्हत्या. लेंगा शिवून, इस्त्री करून तयार आणि नाडी ओवायची राहिलेली. पण नाडी नंतर ओवता येते. इथे इतक्या कष्टाने चिकटवलेलं सगळं सोडवायचं होतं. गंमत म्हणजे सोडवायला अजिबात कष्ट पडले नाहीत. नुसतं ओढलं.

दुसऱ्या खेपेला नाडी ओवून डाख दिले. दहा वॅटचा छोटा अॅम्प जोडला आणि घरच्यांना बोलावून खटका दाबला. घरभर एक घुमारा पसरला. “जी,” मुलगी म्हणाली. ती रीतसर गिटार शिकते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि हा घुमारा खालच्या जी या स्वराच्या अगदी लगत येतो. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे तिथल्या गिटारी वेगळ्या स्वरात कण्हतात. ही माहिती मी सर्वांना दिली, पण माहितीने घुमारा कमी होत नाही. त्यातून मी तारांना हात लावला की तो दुप्पट व्हायचा. हात काढला की जरा शांत. पुन्हा लावला की भडका.

“तू कशालाही हात लावलास की असंच होतं,” बायको म्हणाली.

शेजारचे काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत. ते आवाज ऐकून नव्हे, आवाज असह्य होऊन आले. त्यांनी तारांना बोट लावलं, काढलं, पुन्हा लावलं आणि गिटार न उघडता निदान केलं. “जॅकच्या वायरी उलट्या लावल्यायस. अर्थिंग ठीक असलं की हात लावल्यावर गुणगुण कमी होते. तुझी वाढतेय. म्हणजे तारा अर्थिंगला नाहीत, थेट अॅम्पच्या तोंडात आहेत, आणि तू झालायस एरियल.” आयुष्यात माझ्याबद्दल बरंच बोललं गेलंय, पण इतकं शास्त्रशुद्ध कुणी बोललं नव्हतं.

जॅकच्या वायरी मी स्वतःच बदलल्या, मदत नाकारून. घुमारा उतरला. संध्याकाळची वेळ होती. मी तारा छेडल्या, त्या वाजल्या, विरल्या, आणि अॅम्पमधून एक भारदस्त, जरासा नाकातला आवाज म्हणाला की विदर्भात तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता आहे. प्रादेशिक बातम्या! आम्ही मालाडला राहतो. आकाशवाणीचं मीडियम वेव्ह प्रक्षेपण केंद्र इथेच, मालवणीच्या बाजूला आहे. त्या ताकदीच्या लहरींपुढे कच्चा डाखसुद्धा डायोडचं काम करतो, वेढे आणि वायरी एरियल होतात, आणि झाला रेडिओ. लिओ फेंडर रेडिओकडून गिटारकडे गेला. मी उलट निघालो होतो.

आईला हे फार आवडलं. तिचा जुना ट्रान्झिस्टर बंद पडल्यापासून तिला भावगीतांची चुटपुट होती. दोन-चार दिवस ती दुपारी गिटारशेजारी खुर्ची टाकून बसे. स्टेशन अस्पष्ट झालं की टोनचा नॉब फिरवून बघे. त्या नॉबचा तिच्याइतका उपयोग मी आजवर केलेला नाही.

काकांनी अखेर पॉट काढायला लावले. त्यांच्या पाठीवर पॉलिश पेपर मारला, साठ वॅटचं आयर्न आणलं आणि म्हणाले, “सोल्डर तापवू नकोस. जोड तापव, मग सोल्डर आपण होऊन पळत येतं.” ते खरंच पळत आलं, पसरलं आणि बसलं. माझ्या हातून महिनाभर न झालेली गोष्ट चिमूटभर सोल्डरने त्यांचं नुसतं ऐकून केली. आतल्या खाचेला तांब्याची चिकटपट्टी लावून तीही अर्थिंगला जोडली. लॉग पॉट काकांनी स्वतःच्या डब्यातून काढला. आकाशवाणी गेली. “चांगली चालत होती,” आई म्हणाली आणि दोन दिवस काकांशी बोलली नाही.

आता एकच खोड उरली. एकेक पिकअप लावला की गिटार ठणठणीत. दोन्ही एकत्र लावले की आवाज पिचका, कुणी नाक दाबून गातंय तसा. दोन विक्रेत्यांचे पिकअप. एकाचे वेढे दुसऱ्याच्या उलट गुंडाळलेले. त्यामुळे एकाची लाट वर जाते तेव्हा दुसऱ्याची खाली येते, म्हणजे दोघांची फेज उलटी, आणि बरंचसं परस्पर फिटतं. तिथे गुणगुणही येत नाही, कारण तीही फिटते. गुणगुण गेली आणि निम्मं गाणं घेऊन गेली. उपाय सोपा: एका पिकअपच्या दोन वायरी अदलाबदल करायच्या. मी आयर्न तापत ठेवलं.

“हात लावू नकोस, बाबा,” मुलगी म्हणाली. तिने मधल्या खटक्यावर काहीतरी ब्लूज वाजवलं. ब्लूज गिटारवादक पीटर ग्रीनच्या गिटारमध्ये एका पिकअपचं चुंबक उलटं बसलं होतं, आणि त्या नाकातल्या आवाजासाठी गिटारवाले अजून जीव टाकतात, हे तिने मला सांगितलं. तेव्हापासून मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो की हे आपण मुद्दाम तसं ठेवलंय.

परवा तिचा एक मित्र ती गिटार वाजवून भारावला. म्हणाला, “काका, माझ्या गिटारचं वायरिंगही असं करून द्याल?” मी तोंड उघडण्याआधी आई, बायको आणि मुलगी अशा तिघींचं ‘नाही’ आलं. तिन्ही आवाज अचूक एका फेजमध्ये होते.