तक्तेश्वर

दोनशेच्या वर माणसं असलेल्या प्रत्येक कंपनीत एक तक्तेश्वर असतो. व्हिजिटिंग कार्डावर 'हेड, आयटी' किंवा 'मॅनेजर, सिस्टिम्स' असं काहीतरी छापलेलं असतं. पण त्याचं खरं काम एकच, तुलना. कंपनीला काहीही घ्यायचं असो, आधी तो त्याचा तक्ता करतो, आणि तक्ता पुरा होईपर्यंत ती वस्तू घेण्याची गरज बहुधा संपलेली असते. त्यामुळे मालक मंडळींत तो काटकसरी म्हणून ओळखला जातो.

आमचे तक्तेश्वर बाणेरच्या ऑफिसात तिसऱ्या मजल्यावर बसतात. पन्नाशी उलटलेली, चष्मा कपाळावर, खिशात एक निळं आणि एक लाल पेन. 'हे चांगलं आहे' असं वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. चहा कसा झालाय असं विचारलं, तरी 'कशाच्या तुलनेत?' असा उलट प्रश्न येतो. वहिनी सांगतात, की मंडईत हे चार गाळ्यांवर मेथीचा भाव विचारतात, मग पहिल्या गाळ्यावर परत येतात. तोवर तिथली मेथी संपलेली असते. मग ते घरी भाव घेऊन येतात.

तक्ता एक्सेलमध्ये जन्मतो, पण मोठा होतो कागदावर. ए-थ्री आकाराचे तीन-चार कागद सेलोटेपने जोडून तो कॉन्फरन्स रूमच्या टेबलावर अंथरला जातो. उभ्या रकान्यांत स्पर्धक, आडव्या ओळींत निकष, प्रत्येक निकषाला वेटेज, दहापैकी मार्क आणि तळाशी दोन दशांश स्थळांपर्यंत बेरीज. 'सुरक्षितता' पंधरा टक्के ठेवायची की चौदा, आणि तो सुटलेला एक टक्का 'वापरायला सोपं' या ओळीला द्यायचा की 'दस्तऐवज'ला, यावर आख्खी दुपार जाते. एकदा वेटेजची बेरीज १०३ भरली होती. समितीने त्यावर एकमताने सह्या केल्या.

सर्व्हर व्हर्च्युअलायझेशनच्या बाबतीत मात्र तक्तेश्वर अनेक वर्षं निवांत होते. प्रकार असा, की एका दणकट सर्व्हरवर पंधरा-वीस आभासी सर्व्हर थाटायचे. जुन्या पुणेरी वाड्यात बिऱ्हाडं नांदायची तसेच ते नांदतात. फरक इतकाच, की इथे प्रत्येक बिऱ्हाडाला आख्खा वाडा आपलाच वाटतो. हे वाडे बांधण्यात व्हीएमवेअरचा हात धरणारं कुणी नव्हतं. 'कंपनीचं स्थैर्य' या ओळीत तक्तेश्वरांनी तिला दहापैकी दहा दिले होते, आणि ते लाल पेनाने अधोरेखित केलेले त्यांचे एकमेव पूर्ण मार्क होते.

मग वाड्याचा मालक बदलला. २२ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्रॉडकॉमने सुमारे ६९ अब्ज डॉलरना व्हीएमवेअर विकत घेतली, आणि पुढच्याच महिन्यात एकदाच पैसे मोजून घ्यायची कायमची लायसन्स बंद झाली. आता भाडं, म्हणजे सबस्क्रिप्शन. तेही प्रोसेसरच्या कोअरवर, आणि एका प्रोसेसरमागे किमान सोळा कोअरचं. आमचे जुने प्रोसेसर आठ कोअरचे. म्हणजे निम्म्या खोल्या अस्तित्वातच नाहीत, पण भाडं त्यांचंही. तक्तेश्वर स्वेटर घालून सर्व्हर रूममध्ये गेले आणि टॉर्च लावून लेबलं वाचत बसले. कोअर काही डोळ्यांना दिसत नाहीत. पण स्वतः गेल्याशिवाय मार्क कसे द्यायचे?

त्या तक्त्यातला एक चौकोन अजून जपून ठेवण्यासारखा आहे. निकष होता, 'मोफत आवृत्ती उपलब्ध'. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयसमोर बरोबरची खूण होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये मोफत आवृत्ती बंद झाल्याचं कळलं. व्हाइटनर लावून फुली आली. एप्रिल २०२५ मध्ये ती गाजावाजा न करता परत आली. पुन्हा व्हाइटनर, पुन्हा खूण. आता तिथला कागद पुठ्ठ्यासारखा कडक झालाय.

मग पर्यायांची रांग लागली. प्रॉक्समॉक्स व्हिएन्नाची, डेबियन लिनक्स आणि केव्हीएमवर चालणारी, मुक्त स्रोताची. खर्चाला दहापैकी दहा. पण सबस्क्रिप्शन न घेता लॉगिन केलं, की 'तुमच्याकडे वैध सबस्क्रिप्शन नाही' अशी पाटी समोर येते. तक्तेश्वरांनी तातडीने नवी ओळ घातली, 'वरिष्ठांसमोर शोभा', आणि तिथे दोन मार्क दिले. हायपर-व्ही विंडोज सर्व्हरच्या लायसन्सबरोबरच येतं, म्हणून अकाउंट्सच्या मॅडमचं मत आधीच ठरलेलं. न्यूटॅनिक्सचा डेमो पाहायला सगळे जमले, कारण त्या दिवशी सामोसे होते.

डेमोत तक्तेश्वरांचं रूप पाहावं. चालू आभासी सर्व्हर एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलवायचा आणि वापरणाऱ्याला पत्ताही लागू द्यायचा नाही, हा या धंद्यातला हातखंडा प्रयोग. व्हेंडरचा पोरगा घामाघूम होऊन तो करून दाखवतो. सगळे मोठ्या पडद्याकडे बघत असतात. तक्तेश्वर कोपऱ्यातल्या काळ्या खिडकीत सरकणारे पिंग, म्हणजे सर्व्हरला दिलेल्या हाका, मोजत असतात.

"एक पिंग गेला."

"सर, फक्त एकच गेला."

"पण गेला ना?"

लाल पेन. साडेआठ.

तक्ते गाजले की काम वाढतं. एक दिवस एचआरच्या मॅडम आल्या. जर्मन गिऱ्हाईकासाठी श्टुटगार्टमध्ये एक सपोर्ट इंजिनिअर नेमायचा होता. माणूस हेरून ठेवला होता. मूळचा सांगलीचा, आता श्टुटगार्टमध्येच नोकरीत. पण आपली जर्मनीत कंपनी नाही, मग त्याला पगारपत्रक देणार कोण? अशा वेळी एखाद्या प्लॅटफॉर्मच्या नावावर माणूस नेमतात. करार, पगार, कर, विमा त्यांचा, काम आपलं. माणसामागे महिन्याला सहाशे डॉलरच्या आसपास शुल्क. मॅडम म्हणाल्या, "हेही प्लॅटफॉर्मच आहेत ना सर, तुम्हीच बघा." तक्तेश्वरांनी पेनाचं टोपण काढलं.

डील, रिमोट, ऑयस्टर, पापाया ग्लोबल, रिप्लिंग अशी नावं रकान्यांत बसली. निकष बेचाळीस. जर्मनीत त्यांची स्वतःची कंपनी आहे की स्थानिक भागीदारामार्फत काम चालतं? उसना माणूस पुरवण्याचा जर्मन परवाना आहे का, आणि असा माणूस एकाच कंपनीकडे अठरा महिने राहिला की पुढे काय? पाच दिवसांच्या आठवड्याला किमान वीस रजा धरल्यात का? ब्राझीलमध्ये तेरावा पगार कायद्याने द्यावा लागतो, तो त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतो का? ब्राझीलमध्ये आपल्याला कुणालाच नेमायचं नाही, हे मॅडमनी नम्रपणे सुचवून पाहिलं. "आज नाही," तक्तेश्वर म्हणाले. मार्च २०२५ मध्ये रिप्लिंगने डीलवर हेर पेरल्याचा आरोप करत दावा लावला आणि डीलने तो फेटाळला, तेव्हा 'विश्वासार्हता'च्या ओळीत दोघांच्याही चौकोनात एकच शब्द आला, 'न्यायप्रविष्ट'.

आणि इथे त्यांच्याबद्दल एक गोष्ट कबूल करायला हवी. परदेशी विक्रेता व्हिडिओ कॉलवर दीडशे देशांचे कायदे आपल्या मुठीत असल्याचं सांगत असतो. तक्तेश्वर सगळं ऐकून घेतात, चष्मा कपाळावरून नाकावर आणतात आणि विचारतात, "महाराष्ट्रात फेब्रुवारीत प्रोफेशन टॅक्स किती कापता?" पलीकडे शांतता. एकजण दोनशे म्हणतो. दुसरा 'आमची कायदा टीम कळवेल' म्हणतो. दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, म्हणजे वर्षाचे अडीच हजार होतात, हे पुण्यातल्या कुठल्याही पेरोलच्या पोराला झोपेत ठाऊक असतं. ज्याला आमचा फेब्रुवारी माहीत नाही, त्याच्या जर्मनीवर किती भरवसा ठेवायचा? त्यांच्या बेचाळीस निकषांना एकत्र घातलं, तरी या एका प्रश्नाची सर येणार नाही. मी तसं म्हणालो. "हो, पण हा तक्त्यात नाही घेतला," ते म्हणाले. "याला वेटेज कसं देणार?"

शेवटी समिती बसली. सर्व्हरच्या तक्त्यात पहिल्या आणि दुसऱ्यात ०.३ मार्कांचा फरक निघाला. एमडींनी कागदाचं टोक उचललं, खालची किंमत तेवढी वाचली आणि विचारलं, "सध्याचंच वर्षभर चालवलं तर?" निर्णय झाला. तक्तेश्वरांना काडीचंही वाईट वाटलं नाही. पुढच्या वर्षीची तुलना पक्की झाली होती.

नेमणुकीच्या तक्त्यातही विजेता निघाला, ७.८४ गुण मिळवून. मॅडमनी आनंदाने श्टुटगार्टला फोन लावला. तक्तेश्वर शेजारीच बसले होते. पलीकडचा मुलगा अवघडून म्हणाला, "सॉरी मॅडम, मी गेल्या पंधरवड्यात दुसरीकडे सही केली. तीन ऑफर होत्या, मी एक शीट केलं होतं. पगारात तुम्हीच पुढे होता. पण 'निर्णयाला लागणारा वेळ' असा एक कॉलम होता, तिथे तुम्ही मागे पडलात."

मॅडमचा चेहरा पडला. तक्तेश्वरांनी मात्र फोन स्वतःकडे ओढला आणि लाल पेन सरसावलं.

"तुम्ही त्याला वेटेज किती धरलं होतं हो?"

"पंचवीस टक्के, सर."

"जरा जास्त होतंय," तक्तेश्वर म्हणाले. "शीट पाठवा बरं. तुमच्या बाकीच्या दोन कंपन्यांचे मार्क मला तपासून बघायचेत."