चौथ्या मजल्यावरची बॅटरी

वाराणसीतल्या ब्रह्माघाट-दुर्गाघाटच्या गल्ल्यांत पेशवाईपासून मराठी घरे आहेत. त्या घरांचे जिने बांधणाऱ्यांच्या मनात माणसांविषयी फारसे प्रेम नसावे. पायरी चढायची तर गुडघा छातीशी यावा, वळणावर भर दुपारी अंधार आणि वरून कोणी उतरत असेल तर दोघांपैकी एकाने माघार घ्यावी. अशाच एका घरातल्या काकांनी साठी उलटल्यावर विजेची सायकल घ्यायचे ठरवले.

वाराणसीत विजेवर चालणे ही काही नवलाई नाही. मैदागिन आणि लंका या भागांत टोटोंची, म्हणजे ई-रिक्षांची, एकमेकींना शिंगे लावून गर्दी असते. टोटोच्या सीटखाली १२ व्होल्टच्या चार लेड-ॲसिड बॅटऱ्या बसतात, एकेक चांगली २५ किलोची. टोटोवाल्याचे बिघडत काही नाही. त्याला त्या रोज घरी उचलून न्यायच्या नसतात.

काकांची सायकल मात्र गल्लीच्या तोंडाशी राहणार आणि बॅटरी चौथ्या मजल्यावर.

दुकानदाराने अर्थातच सर्वांत मोठी बॅटरी पुढे केली. ४८ व्होल्ट, २० अँपिअर-तास. गुणाकार केला की ९६० वॅट-तास. चहाच्या टपरीवर तर एकच प्रश्न होता, ‘केतना चली, गुरु?’ किती जाईल ते सगळे विचारत होते, किती जड आहे ते कोणीच नाही. काकूंनी विचारले. उत्तर आले, सहा किलो. त्यांनी सहा किलो कणीक पिशवीत भरून काकांना एकदा खाली-वर करायला लावले. तिसऱ्या मजल्यावर काकांनी हिशेब नव्याने मांडला: लंका सहा-सात किलोमीटर, सारनाथ दहाच्या आसपास. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची अडीच-तीन किलोची बॅटरी पॅडल मारत गेले तर २५-३० किलोमीटर सहज नेते. वेगाचा मोह नव्हताच. २५० वॅटची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरची मर्यादा पाळली की लायसन्स लागत नाही. शिवाय गल्लीतला वेग सांड ठरवतो.

मग रसायन. लिथियम-लोह-फॉस्फेट जरा जड, पण उन्हाळा सोसणारे आणि सहजासहजी न भडकणारे. निकेल-मँगनीज-कोबाल्ट हलके, पण स्वभावाने तापट. मे महिन्यात पारा ४५ला टेकणाऱ्या गावात काकांनी पहिले घेतले, अर्धा किलो वजन सोसून. हे फॉस्फेट १९९७ साली जॉन गुडइनफ आणि अक्षय पाधी यांच्या शोधनिबंधातून पुढे आले आणि गुडइनफना नोबेल मिळाले ते ९७व्या वर्षी, हे वाचल्यावर काका आठवडाभर खुशीत होते.

खरी अडचण पुढेच होती. बॅटरी ठेवायची कुठे? गच्चीवर ऊन आणि माकडे. चार्जरची वायर ही त्यांना आपलीच वाटते. तळमजल्यावर गंगा. ७१.२६२ मीटर ही इथली धोक्याची पातळी, आणि १९७८ साली पाणी ७३.९ मीटरवर गेले होते. ‘पण ही आयपी-६७ आहे,’ काका म्हणाले. म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. काकूंचे म्हणणे असे, की गंगा घड्याळ बघून येत नाही. जिन्याखालची जागा काकांनी स्वतःच नाकारली, आणि ते शहाणपणाचे झाले: घराबाहेर पडायची वाट एकच, आणि गल्लीत अग्निशमन दलाचा बंब शिरत नाही.

अखेर माजघरात, खिडकीशी फरशीवर, बॅटरीला जागा मिळाली. उन्हातून आली की तासभर विश्रांती, मग चार्जिंग. तेही कोणी जागे असतानाच. प्रवासाला जाताना अर्धी भरून ठेवायची, पूर्ण नाही. एवढी पथ्ये घरात यापूर्वी फक्त आजींनी सांभाळली होती. खंडेनवमीला बॅटरीलाही हळदकुंकू वाहिले गेले. काकांनी तेवढ्यापुरते टर्मिनलवर कागद धरला.

यंदा पुण्याहून पुतण्या विमानाने यायचा होता. येताना त्याच मापाची जादा बॅटरी आण, असे काकांनी फोनवर सांगितले. पण १६० वॅट-तासांवरची लिथियम बॅटरी प्रवाशाला हातातही नेता येत नाही आणि सामानातही नाही, आणि ही होती ३६०ची. पुतण्याने तेवढ्याच वजनाची बाकरवडी आणली. ती काकांनी न कुरकुरता चौथ्या मजल्यावर नेली.