खालच्याचे डाव

बोईसरमध्ये संध्याकाळी कुणी मोकळा दिसला की त्याला दोनच प्रश्न विचारतात: सध्या पाळी कुठली आणि फ्लॅट कुठे घेतला? पण एमआयडीसीतून सुटलेला पन्नाशीचा गृहस्थ पांढरा जाडाभरडा डगला पिशवीत कोंबून डहाणू लोकल पकडतो, मधली उमरोळी ओलांडून पालघरला उतरतो आणि तिथे पोरासोरांकडून गळा आवळून घेतो, हे कळल्यावर तिसरा प्रश्न येतो, "डॉक्टरांनी सांगितलंय का?"

या प्रकाराला ब्राझिलियन जिऊ-जित्सू म्हणतात. मारामारी नाही, ठोसे नाहीत. जमिनीवर लोळायचं, समोरच्याचा गळा किंवा सांधा पकडीत घ्यायचा आणि त्याने हाताने थोपटून 'टॅप' केला की सोडायचं. एवढं सभ्य भांडण आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेतही होत नाही.

आमच्या बिल्डिंगमधल्या अण्णांना मात्र हा खेळच मुळात उलटा वाटतो. अण्णा सांगलीकडचे. तारापूरच्या अणुवीज केंद्रातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण चुरगळलेल्या कानांवरून तालीम अजून ओळखू येते. "पाठ टेकली की कुस्ती संपली. तुम्ही लेको पाठ टेकून सुरुवात करता!" खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीहून कांस्यपदक आणलं ते आडवं पडून नव्हे, हेही ते दर भेटीत ऐकवतात. मी त्यांना आठवण करून दिली, की भीमसेनी, हनुमंती, जांबुवंती आणि जरासंधी अशा कुस्तीच्या चार जुन्या तऱ्हा सांगतात, त्यातली जांबुवंती म्हणजे हातपाय अडकवून प्रतिस्पर्ध्याला शरण आणण्याचीच. अण्णांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "जांबुवंत अस्वल होता. तुला शोभतंय."

माझे जोडीदार म्हणजे विशीतले अप्रेंटिस. त्यांच्या अंगात दिवसभर मशीनवर उभं राहूनही दम शिल्लक असतो. त्यामुळे मॅटवरचा माझा बहुतेक वेळ कुणाच्या तरी छातीखाली जातो. तिथून दिसतं ते असं: एक ट्यूबलाइट, तीत अडकलेला किडा आणि जोडीदाराची काख. माझ्या छातीवर चढून बसल्याबद्दल त्याला नियमाप्रमाणे 4 गुण मिळतात. खाली श्वास चालू ठेवल्याबद्दल मला एकही नाही.

आडवळणी डावांचा नाद लागतो तो इथेच. वर बसलेल्याला कल्पनाशक्ती लागत नाही, वजन पुरतं. भलतंसलतं सुचतं ते खालच्याला. एझेकिएल चोकचंच घ्या. एका ब्राझिलियन जुदोपटूच्या नावाचा हा डाव. एक हात मानेमागून न्यायचा, बोटं आपल्याच दुसऱ्या बाहीत खुपसायची आणि त्या दुसऱ्या हाताची मूठ गळ्यावर दाबायची. हा डाव वर बसून करावा, छातीखाली पडून करायला जाणाऱ्याचा हात मोडतो, असं प्रत्येक गुरू शिकवतो. जानेवारी 2017 मध्ये अलेक्सी ओलेनिकने यूएफसीच्या लढतीत तो छातीखालूनच लावला, तोही उघड्या अंगाने, बाही नसताना. आणि जिंकला.

त्यापुढचं पाऊल म्हणजे बगी चोक. यात आडवा दाबला गेलेला माणूस वरच्याच्या मानेभोवती हात टाकतो, त्याच हाताने स्वतःचाच गुडघा धरून वर ओढतो, पायांची कैची मारतो आणि आवळतो. सरावासाठी मी घरातला लोड छातीवर घेतला. गुडघा हाताशी आला तेव्हा पोटरीत असा गोळा आला, की ना पाय सुटेना, ना लोड. लोड टॅप करत नाही, हे अशा वेळी फार जाणवतं. बायको दारातून म्हणाली, "अहो, तो फाटला तर कापूस तुम्ही भरायचा हं." मदत म्हणून तिने फक्त पंखा वाढवला.

पण एका शुक्रवारी तो डाव लागला. वर एमआयडीसीतला एक दणकट फिटर निवांत पसरला होता. अचानक त्याच्या तोंडून "काका, हे काय?" एवढं निघालं आणि त्याने घाईघाईने माझी पाठ थोपटली. क्षणभर मला ती शाबासकीच वाटली. मग सर्वांनी गोल करून डाव पुन्हा पाहिला. "काका, हळू दाखवा ना." मी भोळेपणाने नव्हे, चांगला मिरवत दाखवला.

आडवळणी डाव मात्र सातपाटीच्या पापलेटासारखा, ताजा असेपर्यंतच त्याला भाव. पुढच्या आठवड्यात मॅटवर एकही मान मला आयती मिळाली नाही.

1951 साली रिओच्या माराकाना स्टेडियमवर जपानच्या मासाहिको किमुराने ब्राझीलच्या हेलिओ ग्रेसीचा हात पकडीत घेऊन मोडला. ब्राझीलवाल्यांनी मन मोठं करून त्या पकडीला जिंकणाऱ्याचंच नाव दिलं, ती आजही 'किमुरा'च आहे. आमच्या पोरांचं मनही मोठंच. त्यांनी माझा सन्मान जरा वेगळ्या रीतीने केला. बगी चोक बगी चोकच राहिला, पण त्यातून मान सोडवायच्या युक्तीला आमच्या मॅटवर 'काका' म्हणतात. नव्या पोराला पहिल्याच दिवशी शिकवतात, आणि अर्ध्या तासात त्याला येते.